दारावरची पाटी

जुईनगरला स्टेशनजवळ माझं नेमप्लेटचं दुकान आहे. माहेरची मी लोखंडे, सासरची सुतार. त्यामुळे हा धंदा माझ्या कपाळावर आधीच कोरलेला होता, असं आमचे हे म्हणतात. दिवसभर लोकांची आडनावं कापायची म्हटल्यावर मशीनखाली ॲक्रिलिकचे तुकडे साचतात आणि डोक्यात किस्से.

त्यातल्या बऱ्याच किश्शांना साक्षीदार आहेत ते धर्माबाबा म्हात्रे. चिंचखार या खाडीकाठच्या गावातले. गाव प्रोजेक्टमध्ये गेलं, बदल्यात जवळच बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळाला. मुलगा राहायला आला, पण बाबा गावातलं घर सोडेनात. मुलानं नव्या दारासाठी 'म्हात्रे' अशी पाटी तीनदा सांगितली आणि बाबांनी तीनदा दुकानात येऊन रद्द केली.

"आमचे गावान दाराला पाटी नसते. कोनचा घर कोनाला ठावं नाय?" असं म्हणून ते जे स्टुलावर बसले, ते रोजच यायला लागले. पाटी लागली की आपण गाव सोडलं, हे त्यांच्या मनानं पक्कं धरलं होतं.

*

सीवूड्सचे एक वाघमारे आले. पाटीवर वाघ हवा, तोही डरकाळी फोडणारा. बाबांनी आदरानं विचारलं, "वाघ कोनी मारलेला?"

"आमच्या खापरपणजोबांनी. नुसत्या कुऱ्हाडीनं."

"आनि तुमी?"

वाघमारे जरा घुटमळले. "मला मांजराची ॲलर्जी आहे."

वाघ मात्र त्यांनी नेलाच. मी फक्त डरकाळी थोडी कमी करून दिली.

*

एका नव्या जोडप्याला दोघांची आडनावं हवी होती. तो मोरे, साताऱ्याकडचा. ती पिंपळगावकर. डिझाइन फोनवर पाठवलं आणि तासाभरात मुलाच्या आई स्वतः हजर.

"ताई, त्यांचं आडनाव हितनं तितपर्यंत, आन् आमचं एवढंसंच?"

"काकू, तुमची अक्षरंच दोन आहेत."

काकूंनी स्क्रीनवरच्या डिझाइनला वीत लावून अंदाज घेतला. "मग ती दोन मोठी करा."

केली. आता जिन्यातून येणाऱ्याला आधी मोरे दिसतात आणि दाराशी पोचल्यावर पिंपळगावकर. सूनबाईंनी फोटो पाहून फक्त अंगठा पाठवला. तो आनंदाचा होता की कसला, हे मी विचारलं नाही.

*

आमच्याच गल्लीत एक दापोलीकर राहतात. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी आपली मुळं शोधायचं मनावर घेतलं. चार दिवस दापोलीत फिरले आणि तोंड पाडून परत आले.

"एकही दापोलीकर भेटला नाही हो. सगळे वेगळ्याच आडनावांचे. आम्ही तिथले नाहीच की काय?"

मला त्यांची कीव आली. चहा मागवला. बाबा मात्र मजेत होते.

"गावान ऱ्हानाऱ्याला गावाचा नाव कोन लावंल? तितं सगलंच दापोलीचं. जो गावातून भायेर परतो ना, त्यालाच लावतान. म्हंजे तुमी पक्कं तितलंच."

दापोलीकरांचा चेहरा असा फुलला की जुनी पाटी चांगली असूनही त्यांनी नवी पितळी सांगितली. बाबांमुळे मिळालेली ही माझी पहिली ऑर्डर. नाहीतर त्यांच्या नावावर नुसती कॅन्सलेशनं.

*

मग एकदा बाबा आठवडाभर आलेच नाहीत. स्टूल रिकामं बघून मला करमेना. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, गावात आता आमचंच घर उरलंय. शेजारची कौलंपन उतरली."

आठव्या दिवशी सकाळी शटर उघडते तर बाबा पायरीवर बसलेले. धुतलेला शर्ट, हातात पिशवी, पिशवीत जुन्या घराचं कुलूप.

"काल आमचा शेवटचा टेम्पो भायेर परला," ते म्हणाले. "पाटी कर."

मुलाची फाइल तयारच होती. 'म्हात्रे' स्क्रीनवर आणलं आणि मशीन चालू करणार, तेवढ्यात बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून समोर ठेवली. नातीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: धर्मा गोविंद चिंचखारकर.

मी चिठ्ठी दोनदा वाचली.

"बाबा, आणि म्हात्रे?"

बाबा स्टूल ओढून बसले.

"म्हात्रे मी गावान व्हतो."