मेस्त्रींचे कान

गॅरेजच्या आवारात शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची खोली होती. जाड कापड शिवायचं मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, आणि या पसाऱ्यात जेमतेम जागा करून बसलेली कव्हरताई. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवते म्हणून हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की सासूबाईसुद्धा रागावल्या की विचारायच्या, "कव्हरताई, आज चहा मिळणार आहे का?"

पुढं नव्या गाड्या कव्हरांसकटच येऊ लागल्या आणि तिचं काम रोडावलं. नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, "घरी बसून पडदे शिव. तेवढीच धुरापासून सुटका."

"माणसांत बसायची सवय झालीय हो मला," ती म्हणाली. विषय तिथंच राहिला.

आवाराचे मालक होते मेस्त्री. अंगानं आडवे, बोलायला कंजूष. गाडीत बसून ती कव्हरं ओढत असली की ते बॉनेट उघडून इंजिन चालू करायचे आणि विचारायचे, "ताई, काय ऐकू येतंय?"

तिला यंत्राची भाषा कुठली यायला? ती आपल्या शिलाईतलं सांगायची. "सुई बोथट झाल्यावर मशीन टकटक करतं ना, तसं." किंवा, "पट्टा सैल झाल्यासारखं कुईकुई करतंय." मेस्त्री मान हलवायचे आणि बरोबर त्या जागी हात घालायचे. तिलाही गोडी लागली. हातातलं कव्हर टाकून ती बघायला जायची, आपण सांगितलेल्या आवाजातून निघालं तरी काय. "हे काय असतं?" म्हटलं की मेस्त्री दोन शब्दांत सांगायचे. ते दोन शब्द ती घोकत घरी जायची.

एके दुपारी मेस्त्रींच्या कोपराशी ठेवलेला फोन वाजून वाजून थांबला. ते तिथंच उभे राहून नट पुसत होते. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस तिचं मत विचारत नव्हता, तिचे कान वापरत होता. ती कुणाला काही बोलली नाही.

मग एकदा एका नर्सबाईंची गाडी आली. ब्रेकचं काम होतं, बाईंना ड्युटीवर जायची घाई. मेस्त्रींनी गाडी फिरवून आणली, "झाली," म्हणाले. मागच्या सीटवर कव्हरताई कव्हराचे हूक अडकवत बसली होती.

"मेस्त्री, मागच्या चाकात घासतंय काहीतरी."

"काही घासत नाही."

"लोखंडावर लोखंड घासतंय. मी ऐकलं."

"ताई, तुम्ही तुमची कव्हरं बघा."

ती उतरली. नर्सबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत गाडीत बसायला निघाल्या. कव्हरताईनं दारावर हात ठेवला. "जरा थांबा बाई. चाक काढून बघू दे त्यांना."

मेस्त्रींनी पाना आपटतच चाक काढलं. आत ब्रेकचं लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की घासून चाक थांबवणारं अस्तर, एका बाजूनं सुटून तिरकं झालं होतं. त्यांनी निमूट दुसरं बसवलं. नर्सबाई गेल्या. मेस्त्री त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाही. तिलाही चुटपुट लागली. बोलायला तर हवंच होतं, पण गिऱ्हाइकादेखत माणूस खजील झाला. आता मशीन उचलून घरी न्यावं हे बरं, असं तिनं जवळजवळ ठरवलं.

त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मेस्त्री बायकोला घेऊन तिच्या घरी आले. येऊन नुसतेच गुडघ्यांवर हात ठेवून बसले. तोंड बायकोनंच उघडलं. "मी काहीही सांगितलं की हे नुसतं हूं म्हणायचे. मला वाटायचं, नवरा वयाबरोबर समजूतदार झाला. यांना ऐकूच येत नव्हतं."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," मेस्त्री म्हणाले. "कानाचं मशीन देतायत. बारीक आवाज मात्र परत येतील असं नाही. त्या बाई तशाच गेल्या असत्या तर, हे काही डोक्यातून जात नाही. ताई, तुम्ही काम शिका. नुसतं ऐकायचं नाही, पाना हातात घ्यायचा."

पाहुणे गेल्यावर घरात चर्चेला तोंड फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात गाडीखाली आडवं व्हायचं? लोक काय बघतील?"

"पाय बघतील, आई. बाकी गाडीखालीच असणार."

"जड काम आहे," नवरा म्हणाला.

"रेक्झिनचे गुंडाळे काय तुम्ही येऊन उचलता?"

बोलायला ती खमकी होती, पण आतून धास्तावली होती. शिवण उसवली तर फार तर फोम दिसतो. नट ढिला राहिला तर? सकाळी तिनं मेस्त्रींना हेच सांगितलं, कानाचं मशीन अजून यायचं होतं म्हणून जरा मोठ्यानंच.

"भीती वाटते ते बरंय," ते म्हणाले. "माझी केव्हाच मोडली होती. म्हणून तर न ऐकताच 'झाली' म्हणून मोकळा झालो."

ती शिकायला लागली. तेल मानेवरून पाठीत उतरलं, नखं काळी झाली. एक टॅक्सीवाला तिला बघून म्हणाला, "मेस्त्री येईपर्यंत थांबतो." मेस्त्री समोरच होते. ते म्हणाले, "मग थांबा," आणि चहा प्यायला निघून गेले. अर्ध्या तासानं टॅक्सीवाल्यानंच किल्ली तिच्या हातात दिली.

पुढच्याच आठवड्यात तिनं एक बोल्ट इतका आवळला की त्याचं मुंडकंच हातात आलं. उरलेला तुकडा काढण्यात मेस्त्रींचा अख्खा दिवस गेला. घरी आल्यावर तिला जेवणही धड गेलं नाही. "नाही जमायचं मला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं डेपोतल्या भंगारातून एक जुना ब्रेक मागून आणला आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मांडला. "खोल," म्हणाला. "मीही बघतो. इतकी वर्षं नुसता पायानं दाबतोय, आत काय आहे ते कधी बघितलं नाही." दोघं जमिनीवर बसून ते खोलत-जोडत राहिले. सासूबाई फरशीच्या नावानं कुरकुरल्या आणि थोड्या वेळानं स्वतःच चष्मा लावून बघायला येऊन बसल्या.

आता आवारातलं ब्रेकचं काम सगळं तिच्याकडे असतं. मेस्त्री इंजिनं बघतात, आणि बायको आवारात शिरताना दिसली की कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. काम संपलं की गाडी फिरवायला ती स्वतःच बाहेर काढते. काचा खाली, रेडिओ बंद. उतारावर एकदा करकचून ब्रेक मारते, थांबते, कान देऊन बसते. काही वावगं ऐकू आलं नाही तरी तिचं समाधान होत नाही. ती आणखी एक फेरी मारते, आणि मगच गाडी आवाराकडे वळवते.