भिंगरीला साथ

मी गाताना चुकत नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, गेली बावीस वर्षं लोकच सांगतात, आणि लोकांचं मन मोडणं माझ्या स्वभावात नाही. माझ्या गाण्याला पियानोवर साथ करतात ते मास्तर. त्यांच्याबद्दल लोक काहीच सांगत नाहीत. बुटकी मूर्ती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुपारी शाळेत नाचाच्या वर्गाला वाजवायचं, संध्याकाळी लोकांच्या पोरांना शिकवायचं आणि उरल्यासुरल्या वेळात माझ्या मागे बसायचं. टाळ्या पडल्या की मी वाकायची आणि ते कागद आवरायचे. असा आमचा सुखाचा संसार चालला होता.

या हिवाळ्यात त्यात कुत्री शिरली. मास्तरांची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना ‘पंधराच दिवस’ म्हणून आपलं सात महिन्यांचं पिल्लू बापाच्या गळ्यात टाकून गेली. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पिल्लाचं नाव भिंगरी. माणूस साठीला टेकलेला, गुडघे कुरकुरतात, पण उजाडायचा अवकाश, कानटोपी चढवून स्वारी हिच्याबरोबर तळ्याकाठी हजर. थंडीने नाक गळतंय आणि चेहऱ्यावर आनंद मावत नाही! वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, मला कौतुकाने म्हणाल्या, की हल्ली हे सकाळी गुणगुणतात. तीस वर्षांत घरात कधी गुणगुणले नव्हते. माझ्यासारखी गाणारी शेजारी असताना कुत्रीमुळे कंठ फुटलेला हा पहिलाच माणूस मी पाहिला.

मग तालमीला उशीर होऊ लागला. कोटभर केस, बुटांना चिखल. माझा मोठा कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलेला, आठशे खुर्च्यांचा हॉल, आणि हे मला भिंगरी आज बदकांना कशी घाबरली ते रंगवून सांगणार. मी ठरवलं, यांना नारळ द्यायचा. गुपचूप एक पदवीवाला पियानोवादक बोलावून पाहिला. बोटं सुरेख, पण अक्कल बेताची. दर दोन ओळींनी थांबायचा आणि म्हणायचा, मॅडम, तुम्ही इथे लवकर आलात. म्हटलं, नवा आहे, माझ्या हाताखाली सुधारेल.

मास्तरांना तोंडावरच सांगावं म्हणून एका सकाळी मी तळ्यावर गेले. त्यांना वाटलं मी भिंगरीला बघायला आले. इतके खूश झाले की मी म्हटलं, एक फेरी होऊ दे, मग बोलू.

भिंगरी एकदम उजवीकडे चिखलात वळली. मास्तरही वळले, पण असे, की जणू पहिल्यापासून त्यांनाच तिकडे जायचं होतं. ती वाटेच्या मधोमध बसली, तसे हे बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती. समोरून येणाऱ्या एका आजोबांच्या मफलरवर तिचा डोळा गेला, पण तिने उडी घ्यायच्या आत मास्तर दोर आखडून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि मफलर घरी विणलेला का, म्हणून विचारू लागले. आजोबा भलतेच खूश. जाताना म्हणाले, किती शहाणं जनावर आहे.

मला हसू आवरेना. म्हटलं, लोकांच्या डोळ्यांत बरी धूळ फेकता.

“चूक कुणाला दिसली नाही म्हणजे झाली नाही, बाई,” मास्तर म्हणाले. “तिच्याबरोबर आपणही चुकायचं. फक्त जरा आधी.”

मला एकदम एक कार्यक्रम आठवला. मागच्या वर्षी त्याच आठशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये पियानो दुसऱ्या कडव्यावरून थेट चौथ्यावर गेला होता. मी कसंबसं सांभाळून घेतलं, असं मी आजवर सगळीकडे सांगत आले. आत गेल्यावर मास्तरांना चारचौघांत फैलावर घेतलं होतं, आणि त्यांनी खाली मान घालून माफी मागितली होती.

“मास्तर, ते तिसरं कडवं कुणी गाळलं?”

“तुम्ही.” हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

“आणि असं किती वेळा झालंय?”

“मोजत नाही, बाई. मोजत बसलं की हात मागे पडतो.”

नारळाचं नावही न काढता मी भराभर बोलू लागले. तालीम तुम्ही म्हणाल तेव्हा ठेवू, उशीर झाला तरी चालेल, भिंगरीलाही घेऊन या, तिच्यासाठी गालिचा घालते. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपेपर्यंत थांबणं त्यांच्या अंगवळणीच पडलेलं.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “मीच सांगायला येणार होतो. या वयात दोघींच्या मागे धावणं झेपत नाही. हा कार्यक्रम तुम्ही दुसऱ्या कुणाला घेऊन करा.”

मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. आठशे खुर्च्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. एकीकडे बावीस वर्षांची गाणारी, दुसरीकडे नऊ महिन्यांची कुत्री, आणि दोघींतली एक ठेवायची तर हा माणूस कुत्री ठेवतो? मी तसं विचारलंसुद्धा.

मास्तरांनी हातातला दोर सैल सोडला. भिंगरी चार पावलं पुढे गेली, थांबली आणि मागे वळून त्यांची वाट पाहू लागली.

“ही शिकतेय, बाई,” मास्तर म्हणाले.