कुत्र्याचं नाव मी लिहिणार नाही

आमच्या घरात कुत्रं आलं तेव्हा मला कुत्रं नको होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगं कुणी मला प्राणिप्रेमी समजायला नको. मी लातुरात मेस चालवते. क्लासला आलेल्या पोरींचे डबे. पहाटे उठून कणीक तिंबायची, दुपारी भांडी, संध्याकाळी परत कणीक. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी ह्या, पण वरणात मिरचीचा तुकडा सापडला तरी आईला फोन लावतात. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. आमचे हे रिटायर झाल्यापासून घरात, आणि घरात असलेल्या माणसाला घटकेघटकेला चहा लागतो. मी अगदी बेजार झालेली बाई आहे. त्यात लेक पुण्याहून आली आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक पांढरं, केसाळ, मूठभर तोंडाचं पॉमेरियन बाहेर डोकावलं.

"मम्मी, कंपनी बेंगळुरूला पाठवतेय. तिथं हॉस्टेलवर कुत्रं चालत नाही. राहू दे ना तुमच्याकडं, आजीला सोबत होईल."

"आजीला सोबत मी आहे की," मी म्हणाले.

पण खरं सांगायचं तर माझी सोबत आत्याबाईंना पुरत नव्हती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्यापासून त्या पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसून असायच्या. सकाळी पूजा, कपाळाला विभूती, की मग भिंतीकडं तोंड. काही विचारलं तर "हाव", नाहीतर "न्हाई". टीव्ही लावून बघितला, शेजारच्या बायांना बोलावून बघितलं, मुखेडला नणंदेकडं पाठवून बघितलं. तिथून आठवड्याच्या आत परत आल्या आणि पुन्हा भिंतीकडं बघत बसल्या. जेवण तर एवढं कमी झालेलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. म्हातारी आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि आपल्याला काही करता येत नाही, याची मला भीतीही वाटायची आणि राग पण यायचा.

लेकीनं कुत्रं खाली सोडलं. ते तरातरा पळत दिवाणाखाली घुसलं. लेक वाकली आणि तिनं त्याला नावानं हाक मारली.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीला लागून कडेला सरकल्या. मामंजी बाहेरून घरात आले की अगदी अश्शाच सरकायच्या. आमच्या ह्यांचा चहाचा कप तोंडाशी गेला होता, तो तिथंच राहिला. कुत्र्याचं नाव आणि मामंजींचं नाव एकच होतं.

आता हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. मामंजींना दोन नावं. एक कागदावरचं, सातबाऱ्यावर, आधार कार्डावर, आमच्या ह्यांच्या नावापुढं लागणारं. ते नाव लेकीला पाठ होतं. दुसरं घरचं, लहानपणापासूनचं. किल्लारीकडच्या आमच्या गावात सगळे त्यांना त्याच नावानं बोलवायचे. पण भूकंपात ते नाव घेणारी निम्मी माणसं एका पहाटे गेली आणि आम्ही लातूरला आलो. उरलेले म्हातारे एकेक करून गेले. पोरं त्यांना आप्पा म्हणायची. राहिल्या घरातल्या बाया, आणि आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सून सासऱ्याचं घेत नाही. लग्नात उखाण्यात घ्यायचं ते पण कागदावरचं. मग पोरीला कळणार कुठून?

"मला कुणी सांगितलंच नाही!" लेक रडकुंडीला आली. "पुण्यात सगळे कुत्र्यांना अशीच जुनी, गावाकडची नावं ठेवतात. मला हे सुचलं. छान वाटलं म्हणून ठेवलं."

कुठून सुचलं ते तिला सांगता येईना. ती रांगत होती तेव्हा मामंजींचा एक दोस्त गावाकडून यायचा आणि दारातनंच त्यांच्या नावानं ओरडायचा. तेच कानात बसलं असेल. मी बोलले नाही. बोलायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

आमचे हे खवळले. "नाव बदला. माझ्या बापाच्या नावानं कुत्रं हाडहूड करायचं का आता? नाव बदलत नसेल तर शेतावर सोडून येतो."

शेतावर वाटेकऱ्याची दोन कुत्री आहेत, वासराएवढी. ती या कापसाच्या बोंडाला एका घासात संपवतील हे त्यांनाही माहीत होतं. लेक डोळे पुसत बेंगळुरूला गेली आणि कुत्र्याला नाव शोधायचं काम, अर्थातच, माझ्या गळ्यात पडलं.

मी नको म्हणून मोकळी झाले असते. पण पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट झाली. मी आत्याबाईंना ताट नेऊन दिलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी काई खाल्लं का?"

मी मामंजींच्या फोटोकडं बघितलं. मग कळलं, त्या कुत्र्याचं विचारत होत्या. ते त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपलं होतं. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. कुत्रं गेलं तर ही बाई पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, हे मला लख्ख दिसलं. मग म्हटलं, बघू बाई, सापडतंय का एखादं नाव.

कुत्र्याला नाव ठेवायचं म्हणजे काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भावकीत येऊन बघावं. राजा म्हणावं तर ते थोरल्या दिरांचं घरचं नाव. बंडू म्हणावं तर माझा सख्खा भाऊ. सोन्या म्हटलं की गल्लीतली अर्धी पोरं वळून बघतात. मोती मला आवडलं होतं, पण मुखेडची नणंद फोनवर म्हणाली, "वयनी, माझ्या सासूचं नाव हाय ते! तुमच्याकडं आल्यावर मी त्याला काय म्हनू?" टायगर म्हणून बघितलं, तर त्याच दुपारी ते पालीला बघून माझ्या मागं लपलं. घरी जंगम महाराज आले होते, त्यांनी देवाची नावं सुचवायला सुरुवात केली. मी म्हटलं महाराज, चहा घ्या.

शेवटी आमच्या ह्यांनी निकाल दिला. "कुत्र्याला कुत्र्याचं नाव असावं. टॉमी."

झालं, टॉमी. महिनाभर आम्ही टॉमी टॉमी करत होतो आणि तो कान हलवत नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. ताटलीचा आवाज आला की यायचा, एरवी आम्ही त्याच्या गावीच नव्हतो. लेक फोनवर म्हणायची, "मम्मी, खरं नाव घेऊन बोलव, बघ कसा पळत येतो." मी म्हणायचे, "माझी जीभ झडेल बाई."

आणि आत्याबाई? त्यांनी एकदासुद्धा टॉमी म्हटलं नाही. त्या त्याला "अवं" म्हणायच्या. "अवं, सरका की जरा." "अवं, दूध प्या, गार झालं." भाकरी बारीक कुस्करून, दुधात भिजवून पुढं ठेवायच्या. ती खात बसला की त्याच्यासमोर बसून स्वतःही चार घास जास्त खायच्या. आमच्या ह्यांना हे बघवेना.

"आई, कुत्र्याला अहो-जाहो करलालीस?"

"मग काय म्हनू?" आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही बदललं म्हनून बदलतंय व्हय? त्याला त्याचं नाव ठाव हाय. मलाबी ठाव हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भांडी घासत होते, घासत राहिले. सगळ्यांचं सगळं मीच सोडवायचं का?

मग एका दुपारी टँकर आला. पाइप आत ओढायला फाटक सताड उघडलं, आणि कुत्रं सुटलं. मी हातातली बादली टाकून मागं पळाले. आमची गल्ली सरळ मोठ्या रस्त्याला मिळते. कारखान्याचे दिवस होते, उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक चाललेल्या, त्यात ऑटो, त्यात नांदेडकडं जाणाऱ्या एसट्या. कुत्रं कसं कोण जाणे, अर्धा रस्ता ओलांडून मधल्या दुभाजकावर चढलं आणि तिथं थरथरत उभं राहिलं.

"टॉमी! टॉमी!" आम्ही ओरडलो. शेजारीपाजारी ओरडले. टँकरवाला ओरडला. ते आमच्याकडं बघेसुद्धा ना. आमचे हे त्याच्याकडं जायला निघाले की ते पलीकडच्या बाजूला उडी मारायचा पवित्रा घ्यायचं, आणि पलीकडनं ट्रॅक्टर येत होते. हे थांबले. नाव त्यांच्या तोंडाशी आलं होतं, मला दिसत होतं. जबडा हलत होता. पण भर रस्त्यात, शेजाऱ्यांच्या देखत, मेलेल्या बापाच्या नावानं कुत्र्याला हाक कशी मारणार? आणि मी तरी कशी मारणार? माझ्या पण ओठावर नाव होतं. आम्ही दोघं नवराबायको दातखीळ बसल्यागत उभे राहिलो.

तेवढ्यात मागून हाक आली.

मी वळून बघितलं. आत्याबाई. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावर पडलेला, पांढरे केस सुटलेले. आणि त्या मामंजींचं नाव घेत होत्या. हळू नाही, चोरून नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी, शेवटचं अक्षर लांब ओढून, छातीपासून मारलेली हाक. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

कुत्र्याचे कान उभे राहिले.

टँकरवाला शहाणा माणूस. त्यानं धावत जाऊन दोन्ही हात आडवे केले आणि ट्रॉली थांबवली. आत्याबाईंनी दुसरी हाक मारली आणि ते पांढरं गाठोडं रस्त्यावरून सुसाट आलं ते थेट त्यांच्या लुगड्यात. त्यांनी त्याला उचललं. सगळे हसायला लागले. जीव भांड्यात पडला की माणूस हसतोच. समोरच्या दुकानातल्या बाईनं हसतहसत विचारलं, "आजी, हे कुनाचं नाव वो?"

"माझ्या मालकाचं," आत्याबाई म्हणाल्या, आणि घराकडं चालू लागल्या.

हसणं थांबलं. आमचे हे खाली बघत त्यांच्यामागं आले. फाटकात पाणी वाहून चाललं होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर मी आत्याबाईंचे पाय धुतले, खडीनं चिरले होते. कुत्रं मांडीवर होतं, अजून थरथरत. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मी उठायला लागले, डब्यांची वेळ झाली होती. त्यांनी माझा हात धरला.

"दवाखान्यात," त्या म्हणाल्या, "त्या शेवटच्या दिवशी. तू डबे करायला घरी आल्तीस, पोरगा औषध आणाया गेल्ता. मी एकलीच व्हते. ते डोळे मिटून पडल्ते. ती नर्स म्हनली, आजी, ऐकू येतंय त्यायला, नावानं हाक मारा, डोळे उघडतील. तिनं कागदावरचं नाव घेऊन लई हाका मारल्या. त्या नावाला ते कवा वळले व्हते? मला ठाव व्हतं कोनचं नाव घ्यायचं. मी नुस्तं अवं, अवं करत बसले. तितं वीस बाया आपापल्या मान्साला अवं म्हनूलाल्त्या."

मी परत खाली बसले.

"कुत्रं आलं की गं," त्या म्हणाल्या. "ते बी आले असते का?"

मी म्हणाले, "न्हाई आत्याबाई, त्यांचं वय झालं होतं."

"वयाचं न्हाई विचारलं."

मला रडू आलं. त्यांच्यापेक्षा मीच जास्त रडले. मग आम्ही दोघी तशाच दिवाणावर बसून राहिलो, कुत्रं मध्ये. त्या दिवशी डबे उशिरा गेले आणि पोरींचे फोनावर फोन आले. येऊ दिले.

त्या दिवसापासून टॉमी संपला. आत्याबाई आता दिवसभर ते नाव घेतात. सकाळी पूजा झाल्यावर, दुधाच्या वेळी, दुपारी उगंच. कधी दटावून, कधी लाडानं, आणि अजूनही अहो-जाहो करूनच. आमचे हे काही बोलत नाहीत. भिंतीकडं तोंड नाही, पण म्हातारी बरी झाली असंही मी म्हणणार नाही. जेवतात मात्र. माझी कामं होती तेवढीच आहेत, वरून जिथं तिथं पांढरे केस. मी अजूनही ते नाव घेतलेलं नाही, आणि इथं लिहिणारही नाही. मामंजी माझे सासरे होते. ते नाव घ्यायचा मान आत्याबाईंचा.

पण परवा आमचे हे बाजाराला निघाले आणि पिशवी विसरले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते. मी दारात आले, "अहो" म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबले. गल्लीत आणखी दोघंतिघं चालले होते. मग मी ह्यांना नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं.

पहिल्याच हाकेला वळले.