हवालदारकाकांचं तिखट चाक

हवालदारकाकांच्या अंगाला वास यायचा आणि तो आम्हा मुलांना आवडायचा, हे आईला अजिबात पटत नसे. लसूण, लाल मिरची, सरसोंचं तेल आणि त्याखाली आंबलेल्या दुधाचा जाड, हट्टी वास. संक्रांतीनंतर काका जवळून गेले की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या. पाडव्याला त्याच बायका काकांच्या ओट्यापाशी सगळ्यांत पुढे उभ्या असायच्या.

वासाचं कारण होतं चीज. त्या काळी आमच्यात हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. गल्लीत त्याला ‘काकांचं चाक’ म्हणत, कारण ते चांगलं परातीएवढं गोल असे. काका दरबारच्या पलटणीत हवालदार होते. महायुद्धात त्यांना इटालियन कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला पाठवलं होतं आणि तिथल्या एका कैद्याने त्यांना हे शिकवलं. “तो आपल्या गावच्या मिरचीसाठी रडायचा,” काका सांगत. “मी त्याला आपली मिरची दिली. मग तिखट लागलं म्हणून रडला. पण खुशीने रडला.” त्या कैद्याचं नाव काकांना कधी धड उच्चारता आलं नाही. आठवण मात्र सख्ख्या भावाची काढावी तशी काढत.

कैद्याच्या गावी दूध साकळायला वासराच्या पोटातलं काहीतरी वापरत. ते ऐकून काकांनी कानांना हात लावले आणि अंजिराच्या फांदीचा चीक वापरायला घेतला. चिकाने जरा कडवटपणा येई, तो झाकायला तिखट दुप्पट. दूध जवळच्या मुरार गावातल्या गवळ्याकडचं, म्हशीचं. साकळलेलं दूध फडक्यात बांधून जात्याच्या तळीखाली दाबायचं, आणि मग पाडव्यापर्यंत रोज सकाळी चाक उलटायचं, पुसायचं, त्याला मिरचीचा ठेचा चोळायचा. काका त्यासाठी कधी परगावी लग्नालाही गेले नाहीत. “रोज नाही पाहिलं तर माणूस पण बिघडतो,” ते म्हणत, “हे तर दूध आहे.”

ठेच्यातल्या तेलावरून काकूंशी त्यांचं दरवर्षी वाजायचं. काकू साताऱ्याकडच्या. त्यांना सरसोंच्या तेलाने मळमळायचं आणि त्या शेंगदाण्याच्या तेलासाठी अडून बसायच्या. काका ठेचा कालवत शांतपणे म्हणायचे, “मिरची दख्खनची, तेल इकडचं. आपण तरी दुसरे काय आहोत?” यावर काकू भांडी आपटत.

पाडव्याला गुढी उभी राहिली की काका इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर चाक मांडत आणि हजेरी घेत. खरीखुरी, पलटणीतल्यासारखी. नाव पुकारलं की त्या घरच्या माणसाने “हाजिर!” म्हणायचं आणि आपला वाटा उचलायचा. माझे वडील सचिवालयात कारकून. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, तरी त्यांचं नाव हजेरीत होतं. कुणी हरकत घेतली तर काका डोळे वटारत, “रसद कोण लिहिणार? तुझा बाप?” त्या दिवशी घरोघरी श्रीखंड बाजूला राही आणि बाजरीच्या गरम भाकरीवर ते तिखट, खारट, किंचित कडू चीज वितळत असे. नाकाडोळ्यांतून पाणी काढत आम्ही खायचो. तसं काही मी पुन्हा खाल्लं नाही.

मग संस्थान गेलं. पलटण मोठ्या फौजेत मिसळली. गल्लीतल्या काही जणांना घेतलं आणि दूर दूर पाठवलं, काहींना पेन्शन देऊन घरी बसवलं. काका घरी बसले. पण पुढच्या पाडव्याला हजेरी जुनीच घेतली, एकही नाव न गाळता. दूर पाठवलेल्यांच्या बायका “हाजिर” म्हणाल्या. हळूहळू बायकामुलंही मागोमाग गेली. काही घरं मध्यभारत राज्याच्या कचेऱ्यांबरोबर इंदूरला हलली. काका नाव पुकारायचे, थांबायचे, आणि उत्तर आलं नाही तरी वाटा कापून बाजूला ठेवायचे. “काका, चाक लहान करा की,” कुणीतरी सुचवलं. “वापस आले तर काय देऊ?” एवढंच ते म्हणाले.

पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि वडिलांची बदली निघाली. आम्ही निघालो तेव्हा पाडवा दीड महिना दूर होता. सकाळी दाराशी टांगा उभा होता. ट्रंका चढत होत्या आणि काका चाक छातीशी धरून आले. आमच्या ओट्यावर ठेवून त्यांनी सुरी काढली.

वडील घाबरले. “काका, अहो कच्चं आहे! आत्ता कापलंत तर सगळंच वाया जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि पाडव्याला?”

“पाडव्याला ‘हाजिर’ कोण म्हणणार आहे?” काका म्हणाले आणि त्यांनी सुरी घातली. मग ताठ उभं राहून, आमच्या रिकाम्या घरासमोर, वडिलांचं नाव पुकारलं. वडील “हाजिर” म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी वाटा उचलला. आई दाराआड जाऊन रडली. गाडीत आम्ही ते खाल्लं. कोवळं, आंबूस होतं, तिखट नुसतं वरवर लागलेलं.

काही वर्षांनी एका लग्नासाठी मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले होते, तेव्हा काकांना भेटायला गेले. काकू गेल्या होत्या. गल्लीत सगळे नवे चेहरे. काकांनी चहा केला, बाजारची बिस्किटं पुढे ठेवली आणि कोण कुठल्या गावी आहे ते एकेकाचं नाव घेऊन मला सांगितलं. त्यांच्या अंगाला कसलाच वास येत नव्हता.

“यंदा चाक नाही लावलं?” मी विचारलं.

“तुम्ही गेलात तेव्हापासून नाही लावलं.” मग ते माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात धरला. “बाबांना सांग, इकडे बदली झाली तर मला खबर करायची. पण तीन महिने पहले. एकदम येऊन उभे राहू नका. पिकायला टाइम लागतो.”

मी मान डोलावली. त्याच उन्हाळ्यात काका गेले. गल्लीतल्या कुणाचीच बदली परत ग्वाल्हेरला झाली नाही.