स्टेफाचा एप्रन

आठला पाच कमी असताना लुत्सिना कुबिकनं टीव्हीकडे पाठ केली आणि घासून ठेवलेली किटली पुन्हा घासायला घेतली. सलग पाचव्या मंगळवारी तिनं टीव्ही बंद ठेवला होता. ‘गिरणीमागचं घर’ आपल्यापुरतं संपलं, असं तिनं अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यातली ती नव्हती. पण आठ वाजले आणि छतातून मालिकेची धून खाली झिरपली. वरच्या मजल्यावरच्या इरमिना व्रोनानं टीव्ही लावला होता, तोही मुद्दाम मोठ्या आवाजात. लुत्सिना किटली तशीच टाकून खोलीत आली, खोलीतून बाल्कनीत गेली, बाल्कनीत वारा बोचरा होता म्हणून परत आत आली. एकवीस वर्षं ह्या वेळी ती ह्याच कोचावर बसत आली होती. कोच जागेवर होता, पण तिला बसवत नव्हतं.

दाराशी सपातांच्या दोन जोड्या होत्या, एक तिची आणि एक तळमजल्यावरच्या पेलागियाची. तिसरी जोडी, हिरव्या गोंड्यांची, इरमिना त्या दिवशी पिशवीत घालून घेऊन गेली होती. आमच्या ह्या ब्लॉकमध्ये भांडणं होतात, दारं आपटतात, आठ-आठ दिवस अबोला चालतो, पण सपाता कुणी नेत नाही. इरमिनानं नेल्या होत्या. ती परत येणार की नाही, हा एकच प्रश्न पाच आठवडे लुत्सिनाला कुरतडत होता, आणि तो कुणाला विचारायची तिची तयारी नव्हती.

झिरार्दूवच्या लिननच्या गिरणीत लुत्सिनानं सत्तावीस वर्षं कापड तपासलं. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं, आणि सुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका दिसला की ती खडूनं खूण करायची. तिच्या हातून खोट निसटली असं कधी झालं नाही. गिरणी बंद पडली, खडू सुटला, नजर मात्र सुटली नाही. समोरच्या ब्लॉकमधला कुठला पडदा दोन बोटं वर शिवलाय, नव्या फादरच्या झग्याची शिवण कुठं उसवलीय, हे तिला रस्त्यातून जाता-जाता दिसायचं आणि दिसलं की ती बोलायची. नवरा गेला, मुलगी नॉर्वेत स्थायिक झाली, बोलणी खायला घरात कुणी उरलं नाही. मग उरली ती मालिका, आणि मालिकेवर बोलायला उरल्या पेलागिया आणि इरमिना.

पेलागिया पूर्वी पोस्टात होती. ती खसखशीच्या केकसाठी यायची आणि शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूनं मान डोलवायची. इरमिना कमी बोलायची, पण बोलली की लुत्सिनाला उत्तर शोधावं लागायचं, म्हणून तर ती हवीशी वाटायची. पाच आठवड्यांपूर्वी मालिकेतली स्टेफा बदलली. सगळ्या कुटुंबाची आई ती. एकवीस वर्षं तिचं काम करणारी नटी सोडून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. त्या संध्याकाळी कोचावर तिघी होत्या.

“काही सांगणं नाही, सवरणं नाही,” लुत्सिना म्हणाली. “सोमवारी स्टेफा बहिणीकडे क्राकुवला गेली आणि मंगळवारी परत आली ती ही.”

“तिकडची हवा मानवली असेल,” पेलागिया केक चावत म्हणाली.

“हवेनं नाक बदलतं का गं? आणि दहा वर्षांनी लहान झाली? मला सांग कुठं मिळते ती हवा, मीही जाते.”

“मालिका काही आत्ता बिघडलेली नाही,” इरमिना म्हणाली. “तो वकील दोनदा मेला, तेव्हा तू काही म्हणाली नाहीस. नातू एका उन्हाळ्यात तीनाचा बारा वर्षांचा झाला, तेव्हाही नाही.”

“म्हणाले होते. तू ऐकत नव्हतीस. पहिली दहा वर्षं काय होती ती मालिका! माणसं भांडायची, जेवायची, पुन्हा भांडायची. आता डोकं दुखलं की गोळ्यांचा डबा आधी आपल्याला दाखवतात, मग गोळी खातात.”

“खरंय,” पेलागिया म्हणाली.

“पण ह्या बाईचं काय चुकलं?” इरमिनानं विचारलं. “तिला बोलावलं, ती आली. काम करतेय बिचारी.”

“काम? अगं, बघ तरी. पीठ मळतेय का कुत्रा कुरवाळतेय? आणि एप्रन बघ. तोच निळा एप्रन, खिशावर चेरीची जोडी. दुसरीच्या घरात शिरली ती शिरली, वर तिचाच एप्रन अंगात घातला. जरा लाज?”

“खुंटीला तो एकच असेल,” इरमिना म्हणाली.

“मग एप्रनशिवाय राबायचं. माणसानं आपली पायरी ओळखावी.”

इरमिनानं चहाचा ग्लास बशीत ठेवला. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. “चौतीस वर्षं ऐकतेय, लुत्सिना,” ती म्हणाली, “आता मला नाही ऐकवत.” तिनं दाराशी जाऊन बूट घातले, सपाता पिशवीत टाकल्या आणि ती वर गेली. मालिका एकवीस वर्षांची, ही चौतीस कुठून काढते, असं लुत्सिना पेलागियाला म्हणालीसुद्धा. पेलागियानं मान डोलवली आणि केकचा शेवटचा तुकडा घेतला.

त्यानंतरच लुत्सिनानं ती घोषणा केली. राग कुणाचा आणि निघाला कुणावर, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, तिला दिसत नव्हतं. ती स्वतःला सांगत राहिली की आपल्याला स्टेफाचं दुःख आहे. त्या मालिकेत मेलेल्या कुत्र्याला सुद्धा सगळ्या कुटुंबानं बागेत नेऊन पुरलं होतं, आणि स्टेफाला कुणी निरोप दिला नाही. हा विचार तिला झोपू देईना की बसू देईना. शुक्रवारी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून चर्चच्या ऑफिसात गेली, स्टेफाच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायला.

फादर लेओन तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, घरात टीव्ही नसलेले. त्यांनी जाडजूड वही उघडली.

“कोणाच्या आत्म्यासाठी?”

“स्टेफानिया बोरुत्स्का.”

“नात्यातल्या?”

“एकवीस वर्षं आठवड्यातून दोनदा घरी यायची.” ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“कधी गेल्या?”

“पाच आठवडे झाले. कुणी नीट निरोपही दिला नाही, फादर.”

फादरनी हळहळून मान हलवली आणि नाव लिहिलं. “दिवस कुठला?”

“येता मंगळवार. संध्याकाळी सहा.”

“ती वेळ आधीच दिलेली आहे. बोझेना व्रोना.”

“हो, खरंच की, ती गेली ती तारीख. आमच्या वरच्या मजल्यावरची. माझी जिवाभावाची मैत्रीण होती ती. तिचा मुलगा गदान्स्कहून सांगतो दरवर्षी.”

“मुलगा नाही,” फादर म्हणाले. त्यांनी बोट ठेवून वाचलं. “सांगणार, इरमिना व्रोना. आधीच्या फादरनी मला एक यादी दिली होती, न विचारता लिहून ठेवायच्या मिस्सांची. ही त्यात पहिली आहे. एक्क्याण्णव सालापासून.”

लुत्सिनाला बुधवारी सकाळी सातची वेळ मिळाली. ती हो म्हणाली, काय म्हणाली ते तिलाही कळलं नाही. बाहेर पायऱ्यांवर उभं राहून तिनं तीनदा हातमोजे घातले आणि काढले.

बोझेना अठ्ठ्याऐंशीत गेली. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं, रिशार्दनं, इरमिनाशी लग्न केलं. मिस्सेला दरवर्षी लुत्सिना पहिल्या बाकावर बसायची, घरचं माणूस बसावं तशी. इरमिना मागे खांबाजवळ बसायची, आणि लुत्सिनाला वाटायचं की जनाची लाज म्हणून येते. मिस्सा जिनं सांगितली तीच खांबाआड आणि आपण पुढे. रिशार्दला जाऊनही सहा वर्षं झाली होती. आता तर इरमिनाला कुणाचं मन राखायचं नव्हतं, तरी नाव वहीत होतंच. चालता-चालता लुत्सिनाला एकाएकी ते दार आठवलं. नव्वद सालचा मार्च. नवी बायको कशी आहे ते बघायला ती वर गेली होती. दार उघडलं तर पिठानं भरलेल्या हातांची बाई, आणि अंगात बोझेनाचा निळ्या चौकड्यांचा एप्रन. लुत्सिनानं नमस्कारसुद्धा केला नव्हता. “आधी तो एप्रन काढ,” ती म्हणाली होती, “तो बोझेनाचा आहे.” बाईनं उंबरठ्यातच गाठ सोडली, घडी घातली आणि तो लुत्सिनाच्या हातात दिला. लुत्सिना तो घेऊन खाली आली. त्यानंतर तिनं इरमिनाला एप्रनमध्ये कधी पाहिलं नव्हतं. झग्यावर पीठ घेऊन फिरते, गबाळी आहे, हेही तिनंच जिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

तिला स्वतःची शरम वाटली. अशी शरम तिला सवयीची नव्हती, त्यामुळे ती कुठं ठेवावी ते कळेना. घरी येऊन तिनं सगळी कपाटं आवरायला काढली. एप्रन चादरींच्या खाली होता, इस्त्री केलेला.

रविवारी फादरनी नेहमीप्रमाणे आठवड्याची यादी वाचली. “मंगळवारी सहा वाजता, स्वर्गवासी बोझेना व्रोना हिच्यासाठी. बुधवारी सात वाजता, स्वर्गवासी स्टेफानिया बोरुत्स्का हिच्यासाठी, शेजारीण लुत्सिना कुबिक हिच्याकडून.” मग मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि हसू बाकाबाकांवरून पुढे सरकत आलं. दोन म्हाताऱ्यांनी मात्र मनापासून छातीवर क्रुसाची खूण केली. इरमिना खांबाजवळून वळून लुत्सिनाकडे बघत होती. ती हसत नव्हती.

मिस्सा संपल्यावर फादरनी तिला बाजूला घेतलं. “बाई, ह्या स्टेफानिया टीव्हीतल्या का?”

“हो.”

“मेलेलं माणूस आधी जिवंत असावं लागतं हो.”

“ठाऊक आहे, फादर. चुकलं माझं.”

“बुधवारी मी विसरल्या गेलेल्या सगळ्यांसाठी म्हणेन,” फादर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, आणि त्यांच्या झग्याची शिवण अजून उसवलेलीच होती. लुत्सिना त्याबद्दल काही बोलली नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती मुद्दाम मागच्या बाकावर बसली. इरमिना आली, तिनं रिकामा पहिला बाक पाहिला, आणि जाऊन आपल्या खांबाशीच बसली. बोझेनाच्या मिस्सेला पुढे कुणीच नव्हतं. शेवटचं गाणं संपायच्या आत इरमिना निघून गेली. लुत्सिनाचे गुडघे तिच्या मागे धावण्याजोगे राहिले नव्हते.

आठला पाच कमी असताना ती घरात चौथ्यांदा फेरी मारत होती. मग तिनं एका हातात स्वतःच्या सपाता घेतल्या, काखेत एप्रन घेतला आणि जिना चढायला लागली. त्या घरात ती चौतीस वर्षांत बसली नव्हती. नेहमी इरमिनाच खाली यायची. दार उघडायला वेळ लागला. इरमिनाच्या हाताला पीठ होतं आणि काळ्या झग्यावरही.

“मी ते बोलले होते,” लुत्सिना म्हणाली. “एप्रनचं. इथंच उभी राहून.”

“हो.”

“मला आठवतसुद्धा नव्हतं गं.”

“मला आठवत होतं,” इरमिना म्हणाली. “रविवार होता. हे घर, हा नवरा, ह्या खिडक्या, सगळं तिचंच होतं. मला वाटलं, निदान शेजारीण तरी माझी होईल. म्हणून यायची गं मी खाली. ती मालिका मला कधी फारशी आवडलीच नाही.”

लुत्सिनानं एप्रन पुढे केला. इरमिनानं तो उलगडून बघितला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. “आता काय करू ह्याचं? माझ्या कमरेला हा बसत नाही. तेव्हाही बसत नव्हता.” मग ती बाजूला झाली. “ये आत. बूट काढ. सुरू झालं असेल.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बटाटा भरलेल्या, उकडायच्या करंज्यांसारख्या पिएरोगी ओळीनं मांडलेल्या होत्या. छोट्या टीव्हीवर नवी स्टेफा चेरीचा एप्रन घालून नेमक्या त्याच करत होती. लुत्सिना खुर्चीच्या कडेला टेकली. तिचे ओठ हलले, तिनं ते मिटले, सपातांमधले पाय आळीपाळीनं हलवले.

“बोल,” इरमिना पारी लाटत म्हणाली. “नाहीतर फुटशील.”

“कडा नीट दाबत नाही ती. पाण्यात सुटणार सगळं.”

“आणि जुनी स्टेफा?”

“ती तरी कुठं दाबायची.”

इरमिनानं मान वर केली नाही. “आणि बोझेना?”

ह्या ब्लॉकमध्ये बोझेनासारख्या पिएरोगी कुणाला जमल्या नाहीत, हे लुत्सिना चौतीस वर्षं सांगत आली होती. जिन्यात, दुकानात, नाताळात, आणि इरमिनानं खाली आणलेल्या ताटासमोर बसूनसुद्धा. तिनं टेबलावरच्या ओळीकडे पाहिलं. गिरणीत पाहायची तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“बोझेनाच्या अर्ध्या फुटायच्या,” ती म्हणाली. “दर वेळी. आम्ही त्या चमच्यानं खायचो.”