वाकलेले पत्ते

माणसाचा गुणच कधीकधी त्याच्या मुळावर उठतो. वाल्मीकचं तेच झालं. नाशकात भद्रकालीतल्या एका छापखान्यात तो कटिंग मशीनवर होता. माल एकच, लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न लागलं की जेवायलासुद्धा फुरसत नसे. एका शीटमधून दुसरे कापणारे जेवढ्या पत्रिका काढत, त्याहून हा पठ्ठ्या दोन-चार जास्तच काढायचा. उभ्या बसेनात तर कडेच्या पट्टीत आडव्या बसवायचा. कागद वाया गेला की त्याचा जीव तुटायचा.

पण मनातून तो कावलेला होता. "जन्मभर कापलं काय, तर लग्न लागलं की रद्दीत जाणारं!" असं तो बायकोला, ज्योत्स्नाला, ऐकवायचा. लोक जपून ठेवतील अशी एक तरी वस्तू आपल्या हातून व्हावी, एवढीच त्याची इच्छा. त्यात वावगं काय होतं, सांगा!

त्र्याण्णव साली त्याला ती वस्तू सुचली. गडकोंडी. दोघांनी खेळायचा पत्त्यांचा डाव, सोबत दोन फासे. प्रत्येकाचे सोळा पत्ते. त्यांत एक गड, तीन तोफा, बाकी शिपाई. पत्ते पालथे मांडायचे. फाशांवर पडेल तेवढी घरं चाल करून समोरच्याचा एक पत्ता उलटायचा. तोफ निघाली तर आपले दोन शिपाई गेले, गड निघाला तर डाव जिंकला. नुसत्या नशिबाचं काम नाही. आपला गड कुठे दडवायचा आणि समोरच्याला कुठे चकवायचं, यात सगळी अक्कल. पत्ते त्याने पत्रिकांच्याच जाड कागदातून, स्वतःच्या हाताने कापले.

खेळायला शेजारच्या छपाई मशीनवरचा रहेमान. दोघांची डब्यातली भाकरी एक. दुपारच्या सुट्टीत रोज डाव पडायचा आणि बहुतेक वेळा वाल्मीकच जिंकायचा. "पत्ते कशाला बघू? मी तुझं तोंड वाचतो, रहेमानभाई!" असं म्हणून तो मांडीवर थाप मारायचा. रहेमान हसून पत्ते गोळा करायचा.

अशी पाच वर्षं गेली, तेव्हा कुठे छापखान्याचे शेठ पाघळले. त्यांचे मेहुणे इगतपुरीच्या एका गणेश मंडळाचे अध्यक्ष. "मंडळात खेळून दाखवा. लोकांनी उचलून धरला तर खोके छापू, वर तुझं नाव टाकू," शेठ म्हणाले. आपलं नाव छापलेलं खोकं! वाल्मीक हवेत तरंगायला लागला. त्याने नमुन्याचे दहा जोड कापले, तेही अर्थात कागद वाचवून, आणि रहेमानला सोबत घेऊन इगतपुरी गाठली.

गणपतीत इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय विचारता! भिंतींना बुरशी, अंथरुणं दमट, काड्यापेटी पेटत नाही. मंडळाच्या खोलीत सकाळपासून पत्ते टेबलावर पडून होते. वाल्मीकसमोर खंडेराव बसले, रेल्वेतले रिटायर गार्ड, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. वाल्मीकने पहिला डाव घेतला, दुसराही घेतला. भोवतीची पोरं शिट्ट्या मारू लागली, शेठ मिशीत हसू लागले.

खंडेराव मात्र हसले नाहीत. त्यांनी आपले सोळा पत्ते पालथेच ओळीने लावले. बारा पत्ते पन्हाळीसारखे लांबीला वाकले होते आणि चार धनुष्यासारखे रुंदीला. खंडेरावांनी ते चार उलटले. गड आणि तीन तोफा.

"वा रे वा! आंधळ्यालाबी कळंल, गड कुठं हाय ते!"

वाल्मीकने पत्ता हातात घेतला आणि एका नजरेत त्याला कारण कळलं. कागदाच्या धाग्यांना दिशा असते, ओल लागली की कागद त्या दिशेने वळतो. गड आणि तोफा कडेच्या पट्टीतून निघालेल्या, म्हणजे आडव्या. लग्नपत्रिकेत ही दिशा कोण बघतं? ती पंधरवडाभर जगली तरी पुरे! त्याने हे सगळं जीव तोडून सांगितलं.

"किती वर्सं कागद कापतो?" खंडेरावांनी विचारलं.

"वीस."

"मंग तुला ठाव नव्हतं तर तू कारागीर कसला? आन ठाव व्हतं तर तू लबाड. काय ते तूच सांग."

वाल्मीकने वळून रहेमानकडे बघितलं. रहेमान खाली बघत होता.

"मी कारागीर नाही," वाल्मीक म्हणाला. वीस वर्षं कमावलेलं त्याने तिथे टाकून दिलं. "पण मी लबाडी केली नाही, आईशप्पत!"

सगळे खो खो हसले. शेठनी पत्ते आवरायला सांगितले.

एसटीने घोटी सोडली तेव्हा वाल्मीकला राहवेना. "तू तरी बोलायचंस रे. इतकी वर्षं माझ्याशी खेळतोयस."

"काय बोलणार?" रहेमान म्हणाला. "मला पहिल्याच पावसाळ्यात दिसलं होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊकच आहे. म्हटलं जाऊ दे, दोस्त आहे. याला दुसरी कसली हौस नाही."

मग वाल्मीकने विचारलं, "तुला दिसत होतं, तर तू का नाही जिंकलास?"

"मी तसं खेळत नाही," रहेमान म्हणाला. "तुझ्या पत्त्यांच्या पाठीकडे मी बघायचोच नाही."

"अरे, पण उन्हाळ्यात? उन्हाळ्यात पत्ते सरळ असतात! तेव्हाही मीच जिंकायचो ना?"

"जिंकायचास की," रहेमान म्हणाला, रडक्या पोराची समजूत काढावी तसा. आणि वाल्मीकच्या अंगावर पाणी उडत होतं म्हणून त्याने हात लांब करून खिडकी लावून घेतली.

पुढे सगळीकडे कॉम्प्युटर आले, छापखाना बंद पडला. तोवर दोघं शेजारी-शेजारी मशीनवर होते, डबाही एकत्रच खायचे. पत्ते मात्र पुन्हा कधी निघाले नाहीत. ज्योत्स्नाने एकदा विचारलं, त्या खंडेरावांचा अजून राग येतो का हो?

"त्यांचा कशाला येईल?" वाल्मीक म्हणाला. "त्यांनी तोंडावर लबाड म्हटलं. मला राग येतो तो रहेमानचा. त्याने मला माफ केलं होतं, ज्योत्स्ना. पाच वर्षं, रोज दुपारी."