महासतीजी रिकाम्या परतल्या तेव्हा

माझ्या तान्ह्या लेकीला हगवण लागली तेव्हा अख्ख्या जुन्नरात मुलांचं दुखणं जाणणारं कुणी मिळेना. वैद्यबुवा म्हणाले, "मोठं माणूस सांगतं तरी कुठं दुखतंय. एवढ्याशा जिवाचं मी काय ओळखू?" सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रजेवर. यजमान माल आणायला परगावी. उपासतापास करणाऱ्या घरावर हे कशाला, म्हणून मी मनातल्या मनात भगवंताशी कडाकडा भांडत होते. त्या सकाळी पोर रडायचीच थांबली. आम्हाला वाटलं, आराम पडला, झोप लागली.

पर्युषणाचे, आमच्या उपासांच्या पर्वाचे, दिवस होते. महासतीजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, गोचरीला, भिक्षेला दारी आल्या. त्यांच्या पात्रात चार घास पडले तर पोरीला पुण्य लाभेल, म्हणून मी तिला मांडीवरून खाली ठेवलं आणि लगबगीनं उठले. त्या मागे सरल्या. "बाई, अंगावर पिणारं लेकरू खाली ठेवून उठलात. आम्हाला हे घेता येत नाही." आणि वळल्या. नियमच तो, मला चांगला ठाऊक होता, पण घाईत सुचलंच नाही.

आता काही खरं नाही! लेक उचलून मी त्यांच्यामागे धावत सुटले. नवी सून मी, एरवी रस्त्यावर पाऊल टाकलं नसतं. त्या दिसेनाशा झाल्या आणि मी तिथंच हुंदके देत उभी राहिले.

तेवढ्यात एक टांगा थांबला. टांगेवाल्यानं विचारलं, "माई, सरकारी दवाखाना कुठंशी हाय? नवं डागदर आणलेत, पर मला वाट ठावी न्हाई."

मी नुसती लेक पुढे केली. आतले गृहस्थ खाली उतरले, तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. "ही झोपलेली नाही. अंगातलं पाणी संपलंय. मुंबईला मी मुलांच्याच वॉर्डात होतो. उकळून गार केलेलं पाणी हवं, आत्ताच्या आत्ता. मिळेल?"

मिळेल का, म्हणे! सासूबाईंचा मोठा उपास चालू होता. त्यात उकळलेलंच पाणी पितात, ते घरात गार होऊन तयार होतं. मी डॉक्टरांना घेऊन घरी धावले आणि सासूबाईंनी आपलं भांडंच उचलून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालून मी चमच्या-चमच्यानं पाजत राहिले. डॉक्टर ओट्यावरून हलले नाहीत. मनात म्हटलं, भगवंता, माझी अक्कल संपली, आता तू करशील ते खरं. त्यानंतर भांडावंसं वाटलं नाही.

दुपार कलताना पोरीनं ओठ काढले आणि असं भोकाड पसरलं की शेजारपाजार गोळा झाला. मामंजींना घरात रडणं मुळीच खपत नसे. मी लगेच तिला उगी करू लागले, तर ते उपरण्यानं डोळे टिपत म्हणाले, "रडू दे गं. रडू दे तिला."